रेकॉर्डच्या दुकानात जाऊन नवे अल्बम घेणारं इथे कोणी आहे का?

खरजातला_सा (धागालेखक)

विनाइलचा, म्हणजे प्लास्टिकच्या रेकॉर्डचा, विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. पहिला, "आमच्याकडे चावीचा फोनो होता हो, कुत्र्याच्या चित्राचा, माळ्यावर पडलाय." दुसरा, "फोनवर सगळं फुकट असताना तीन हजार कोण घालणार?" दोन्ही ऐकून घेतो, पण माझं दुखणं निराळं आहे. मी रेकॉर्ड घेतो ती बहुतेक वेळा नव्या अल्बमची. यंदा नाही तर गेल्या दोन-तीन वर्षांत निघालेल्या. आणि शक्यतो दुकानात जाऊन घेतो. ओळखीपाळखीत असा दुसरा प्राणी सापडेना, म्हणून हा धागा.

सध्या टर्नटेबलवर काय फिरतंय ते आधी सांगतो.

अरूज आफताबचा 'नाइट रेन' (२०२४). ही लाहोरात वाढलेली, ब्रुकलिनमध्ये राहणारी गायिका. २०२२ साली 'मोहब्बत'ला ग्रॅमी मिळालं तेव्हा नाव सर्वतोमुखी झालं. ते गाणं आधीच्या 'व्हल्चर प्रिन्स'मधलं. गझल आहे, पण गझलेच्या बैठकीतली सरबराई नाही. हार्प, डबल बेस, गिटार, आणि दोन सुरांच्या मध्ये एवढी मोकळी जागा की आपण खोलीतला पंखा बंद करतो. 'नाइट रेन'मध्ये तिने माहलका बाई चंदाच्या काव्यावर दोन गाणी केली आहेत. माहलका बाई म्हणजे अठराव्या शतकातली उर्दू कवयित्री, निजामाच्या हैदराबादेत नावारूपाला आलेली, पण जन्म १७६८ चा, औरंगाबादचा. मराठवाड्यात जन्मलेल्या बाईचे शेर ब्रुकलिनमध्ये गायले जातात आणि मला ते माहीमला रिव्हॉल्व्हर क्लब या दुकानात रेकॉर्ड चाळताना सापडतात. माझ्या फोनवरच्या ॲपने हे जन्मात सुचवलं नसतं. मला १९७० च्या दशकातली हिंदी गाणीच आवडतात अशी त्याची ठाम समजूत आहे.

दुसरा 'शक्ती' या बँडचा 'धिस मोमेंट' (२०२३). जॉन मॅक्लॉफलिन, झाकीर हुसेन, शंकर महादेवन, गणेश राजगोपालन, सेल्वागणेश. १९७७ नंतर या नावाने स्टुडिओत केलेला पहिला अल्बम. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळालं आणि डिसेंबरात झाकीरभाई गेले. त्यांची शाळा माहीमचीच, सेंट मायकल. त्याच वस्तीत ही रेकॉर्ड विकत घेताना उगाच आपलं बरं वाटलं, कारण विचारू नका.

अनुष्का शंकरने २०२३ ते २०२५ मध्ये तीन छोटे 'चॅप्टर' काढले, तेही आहेत. पहिला सर्वांत आवडला. तिसऱ्यापर्यंत मी जरा थकलो.

आता दुकानच का? कारण तिथे न मागितलेलं कानावर पडतं. आपण आपल्या खोक्यात बोटं घालून रेकॉर्ड पुढे ढकलत असतो आणि काउंटरवरचा मुलगा त्याच्या मर्जीने काहीतरी लावून बसलेला असतो. पंधरा मिनिटांनी आपण विचारतो, "हे काय वाजतंय?" तो नुसतं कव्हर उचलून दाखवतो. माझी निम्मी खरेदी या एका प्रश्नातून झाली आहे.

तर, तुमच्या गावात कोणतं दुकान आहे, आणि शेवटचा नवा अल्बम कोणता घेतलात? माळ्यावरच्या रेकॉर्डला काय भाव येईल हे विचारायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढावा.

---

रानवारा

तीन हजारात आमचं चौकोनी कुटुंब जेवून, सिनेमा बघून, रिक्षाने घरी येतं. पण लिहिलंय झकास. वाचतोय.

---

अण्णा_कर्वेरोड

खरजशेठ, धागा आवडला, पण "नवे" या शब्दावर तुम्ही जरा जास्तच जोर दिलाय. मी ७८ चा माणूस, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचा. गेल्या आठवड्यात जुन्या बाजारातून (बुधवार आणि रविवार, मंगळवार पेठ, नवख्यांसाठी) अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची ठुमरी आणली. 'पिया बिन नाही आवत चैन'. पूर्वी ती कॅसेटवर ऐकली, सीडीवर ऐकली, फोनवरही ऐकली. परवा लाखेच्या तबकडीवर, जाड सुईने ऐकली तेव्हा तंबोऱ्याच्या बाजूचा जो आवाज आला तो मला नवाच होता. मग माझ्यासाठी हा नवा अल्बम का नाही?

शिवाय तुमच्या लाडक्या 'अल्बम'च्या आधीचा काळ जरा आठवा. नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. गौहरजान गातात आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगतात. अनेकांना तो नखरा वाटतो. खरं कारण असं की मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला दाबायला (म्हणजे त्याच्या तबकड्या काढायला) जायचं आणि तिथल्या कारागिरांना लेबलवर कोणाचं नाव छापायचं हे कळायला हवं होतं. तीन मिनिटांत राग, बंदिश, ताना आणि वर स्वतःची सही. हल्लीच्या लोकांना वीस मिनिटांची बाजू पुरत नाही!

---

खरजातला_सा

@अण्णा, तुमच्याशी भांडायची माझी प्राज्ञा नाही. पण माझा मुद्दा असा आहे. अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी (७८ पेक्षा जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड) १९६० ची. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. आज ती 'दुर्मीळ ठेवा' आहे. पण १९६० मध्ये कोणीतरी दुकानात गेला असेल, नवीन काय आलंय असं विचारलं असेल, आणि खिशाला चाट लावून ती घरी नेली असेल. त्याच्यासाठी ती आठवण नव्हती, बातमी होती. किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एलपीही तशीच. आजच्या गाणाऱ्यांना तो गिऱ्हाईक मिळायला नको का? सगळेच माळ्याकडे बघत बसलो तर आणखी पन्नास वर्षांनी माळ्यावर असणार काय?

---

अण्णा_कर्वेरोड

हे मात्र पटलं. यावरून एक गंमत सांगतो, ती तुमच्याच बाजूने जाते. १९६० च्या दशकात बहुतेक जगात ७८ चा जमाना उलटला होता, पण आपल्याकडे खेड्यापाड्यांत चावीचे फोनो चालूच होते, वीज नव्हती ना. त्यामुळे बीटल्सची अगदी ताजी गाणी भारतात ७८ च्या तबकड्यांवर निघाली. आज परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी वेडे होतात. नवं संगीत जुन्या माध्यमावर, आणि तेही गरज म्हणून. तुमच्यासारखं हौसेने नाही. (हलके घ्या.)

---

चिकित्सक_पेशवा

एक मूलभूत शंका. आजचे अल्बम संगणकावर ध्वनिमुद्रित होतात, संगणकावरच मिक्स होतात. मग ती डिजिटल फाइल प्लास्टिकवर खोदून, तिच्यात खरखर मिसळून, तिप्पट पैशांना विकत घ्यायची, आणि वर "ॲनालॉगची ऊब" म्हणायचं? जुन्या, फितीवरून खाच कापलेल्या रेकॉर्डचं एक वेळ समजू शकतो.

---

ध्वनिलहरी

@चिकित्सक, मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, म्हणून बोलते. 'ऊब' हा शब्द मला स्वतःलाही सहन होत नाही. पण "फाइल प्लास्टिकवर खोदणे" इतकं सरळ ते नसतं.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुरुवातीला आणि शेवटीही तेवढेच. पण बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान. म्हणजे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, आणि लेबलजवळ येईपर्यंत जेमतेम २० ते २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. त्यामुळे बाजूच्या शेवटी 'स' आणि 'श' फुटायला लागतात, झांजा चरचरतात. शहाणा निर्माता बाजूचं शेवटचं गाणं शांत ठेवतो. फोनवर ऐकताना तुम्हाला वाटतं, पाचव्या गाण्याला हा एकदम मवाळ का झाला? तर रेकॉर्डवर तिथे बाजू संपते.

शिवाय खर्जाचं गणित. खर्ज जितका जोरात तितकी खाच रुंद हलते, म्हणजे जागा खाते. म्हणून कापताना खर्ज दाबतात, तार स्वर चढवतात, आणि तुमचा फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) नेमकं उलटं करून मूळ आवाज परत आणतो. १९५४ पासून याचं एक ठरलेलं प्रमाण आहे. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या पुढे गेलात की आवाज खाली आणावाच लागतो. हे सगळं लक्षात घेऊन रेकॉर्डसाठी मास्टर, म्हणजे जिच्यावरून पुढे सगळं निघतं ती अंतिम प्रत, वेगळा करतात. फोनसाठीचा मास्टर बऱ्याचदा दाबून, चेपून, कायम टिपेला लावलेला असतो, कारण तो रिक्षात ऐकला जाणार हे गृहीत असतं. तोच अल्बम रेकॉर्डवर जास्त मोकळा वाटतो तो यामुळे, प्लास्टिकच्या जादूने नव्हे.

अर्थात मास्टर वेगळा केला असेल तरच. सगळे करत नाहीत. फोनवरचाच मास्टर जसाच्या तसा कापून, जाड पुठ्ठ्याचं कव्हर आणि रंगीत तबकडी देऊन पैसे उकळणारेही पुष्कळ आहेत.

---

चिकित्सक_पेशवा

सविस्तर उत्तराबद्दल आभार. खाचेच्या वेगाचं माहीत नव्हतं. पण मग फितीवरून कापलेलं आणि फाइलवरून कापलेलं यातला फरक कानाला कळतो की नाही?

---

ध्वनिलहरी

२०२२ साली अमेरिकेत याचं उत्तर मिळालं. "मूळ फितीवरून, सगळं ॲनालॉग" म्हणून महागड्या रेकॉर्ड विकणारी एक नामांकित कंपनी मध्ये डिजिटल पायरी वापरते हे उघड झालं. उघड कोणी केलं? रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या एका माणसाने. मोठा गदारोळ झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. मात्र तोवर कित्येक वर्षं सोनेरी कानांचे समीक्षक त्याच रेकॉर्डची "शुद्ध ॲनालॉग" म्हणून तारीफ करत होते. काय ते समजून घ्या.

---

टेम्सकाठचा

वा! इतके दिवस या विषयावर इथे कोणी बोलतच नव्हतं. मी लंडनला, दुकानांच्या बाबतीत आम्ही लाडावलेले.

नव्या अल्बमसाठी माझं ठरलेलं ठिकाण ब्रिक लेनवरचं रफ ट्रेड ईस्ट. मूळ रफ ट्रेड १९७६ चं, पंकच्या काळातलं. ही पूर्वेकडची शाखा २००७ ची, जुन्या दारूभट्टीच्या आवारात. अल्बम निघतो त्या आठवड्यात कलाकार दुकानातच गातो-वाजवतो आणि अल्बम विकत घेतला की तिकीट त्यातच येतं. रांगेत माझ्या निम्म्या वयाची पोरं असतात. विनाइल म्हणजे म्हाताऱ्यांचा छंद, हा समज तिथे दाराशीच गळून पडतो.

पण जीव रमतो तो पोर्टोबेलो रोडवरच्या ऑनेस्ट जॉन्समध्ये. १९७४ पासूनचं दुकान, बसक्या आकाराचं, भिंतीवर जॅझ, रेगे, आफ्रिका. त्यांचं स्वतःचं लेबलही, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनीही, आहे. ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या संग्रहातून त्यांनी बगदादची १९२० च्या दशकातली ७८ ची गाणी काढून नव्या एलपीवर आणली. अण्णा, तुमचं आणि खरजशेठचं भांडण तिथे आपोआप मिटतं. जुनीच तबकडी, पण नवा अल्बम म्हणून निघालेली.

आणि आपल्या माणसाबद्दल न बोलता कसं चालेल? चरणजित सिंग. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून आयुष्य काढलेला माणूस. १९८२ मध्ये रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, कोणी ढुंकूनही बघितलं नाही. २०१० मध्ये एका डच लेबलने ती पुन्हा दाबली आणि इथल्या पोरांनी डोळे विस्फारले, कारण शिकागोत 'ॲसिड हाउस' म्हणून जे नृत्यसंगीत गाजलं त्यातला तो चिवचिवणारा आवाज याने पाच वर्षं आधी भैरव-कलावतीत वापरला होता. सत्तरी ओलांडल्यावर चरणजितजी युरोपात कार्यक्रम करत फिरले. २०१५ ला गेले. ही रेकॉर्ड मी बर्विक स्ट्रीटवर घेतली. मुंबईत निघाली तेव्हा माझ्या वडिलांनी दुकानात बघून "हे काय खूळ" म्हणून परत ठेवली होती असं त्यांचंच म्हणणं.

---

सुरमयी_ठाणे

@टेम्सकाठचा, तिकडे जुन्या मराठी रेकॉर्ड दिसतात का हो कधी?

---

टेम्सकाठचा

क्वचित. पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'जागतिक, किरकोळ' असं लिहिलेलं असतं, त्यात अरबी, तुर्की आणि आपण सगळे एकत्र नांदतो. एकदा कोळीगीतांची ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड मिळाली, दोन पौंडांना. कव्हरच्या मागे निळ्या शाईत लिहिलेलं, "चि. सौ. मंदास, परदेशगमनाप्रीत्यर्थ, ताई व भाऊजी." रेकॉर्ड इतकी वाजवलेली की खाचा करड्या पडल्यात. मी काही ती वाजवत नाही, सुई खराब होईल. पण खोक्यात परत ठेवणंही जमलं नाही.

---

रानवारा

चि. सौ. मंदाताई बहुधा तिकडे कोळीगीतांवर नाचल्या असणार. त्याशिवाय खाचा करड्या नाही पडत.

---

फोंडेकर

सगळे लंडन-मुंबई करताहात म्हणून गोव्याची एक नोंद करतो. जगातल्या कोणत्याही संग्राहकाला न मिळणारी तबकडी आमच्या केरीच्या केसरबाई केरकरांची आहे. 'जात कहाँ हो', भैरवी. १९७७ मध्ये नासाच्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या गेल्या त्यात बाख, बेथोवनबरोबर केसरबाई आहेत. वेग १६⅔, सुई सोबत दिलेली, कशी वाजवायची त्याच्या आकृत्या कव्हरवर कोरलेल्या. आता दोन्ही यानं आंतरतारकीय अवकाशात पोचली.

धाग्याशी संबंध असा की चाळीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा लोकवर्गणी काढून त्या सगळ्या संगीताचा विनाइलचा पेटारा काढला गेला आणि २०१८ मध्ये त्याच्या मांडणीला ग्रॅमी मिळालं. म्हणजे केसरबाईही 'नव्या रेकॉर्ड'मध्ये आल्या की नाही? पेटारा माझ्याकडे नाही. किंमत बघून हात जोडले.

---

खरजातला_सा

@फोंडेकर, दंडवत. ज्या बाई रेकॉर्डिंगच्या नावाने नाक मुरडायच्या असं सांगतात, त्यांचाच आवाज सर्वांत लांब गेला!

@टेम्सकाठचा, दुकानात कलाकाराने येऊन वाजवणं हे आपल्याकडे व्हायला हवं. मुंबईत काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाउस होतं तोवर निदान ऐकायचे बूथ होते. आत शिरायचं, दार लावायचं, आणि न घेता बाहेर यायची लाज वाटेपर्यंत ऐकायचं. फेब्रुवारी २०१६ ला तेही बंद झालं. पुढची काही वर्षं मुंबईत नवी रेकॉर्ड घेणं म्हणजे परदेशी मागणी नोंदवायची आणि महिनाभर वाट बघायची. माझं एक पार्सल कुरिअरवाल्याने दाराच्या फटीतून आत सारायचा प्रयत्न केला होता. एलपीचा आकार १२ इंच, फटीचा अर्धा. अजून कडेला वाकलेली आहे ती.

---

अण्णा_कर्वेरोड

पुण्यात आमचे अलूरकर होते कर्वे रस्त्यावर. नुसतं दुकान नव्हे, शास्त्रीय गाण्याच्या कॅसेट स्वतः काढायचे. "काय घेऊ?" असं विचारलं की उलटपक्षी "काय ऐकलंय?" असा प्रश्न यायचा, आणि उत्तरावर पुढची खरेदी ठरायची. तेही गेलं. कॅसेटने एलपीला मारलं, सीडीने कॅसेटला, फोनने सगळ्यांना. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटचा जो पूर आला त्यापुढे एलपीला दम धरताच आला नाही.

मुंबईचाच एक विसरलेला धागा. वडाळ्याला 'यंग इंडिया' नावाचं देशी लेबल होतं, १९३० च्या दशकात सुरू झालेलं. विलायती कंपन्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या असे कितीतरी गायक-नट त्यांच्याकडे गायले. १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मुंबईची मंडळी असल्या लेबलांच्या याद्या करतायत, अंक काढतायत. ज्यांना गोडी आहे त्यांनी ते अंक शोधून वाचावेत, त्यात कादंबरीइतका मजकूर आहे.

---

चिकित्सक_पेशवा

अण्णा, मग आता भारतात रेकॉर्ड दाबतं कोण? कलकत्त्याजवळचा एचएमव्हीचा डमडमचा कारखाना तर कधीच थंडावला.

---

ध्वनिलहरी

बरीच वर्षं कोणीच नाही. भारतीय कंपन्यांच्या नव्या आवृत्त्यासुद्धा युरोपात दाबून यायच्या, म्हणून त्या किमती. आता मुंबई परिसरात पुन्हा दाबण्याचं काम सुरू झालंय. त्याने स्वतंत्र काम करणाऱ्यांना मोठा आधार झाला. पूर्वी परदेशी कारखान्यात छोट्या ऑर्डरला कोणी विचारायचं नाही, आणि मोठी ऑर्डर द्यायला आपल्याकडे पैसे नाहीत.

साखळी किती नाजूक आहे बघा. रेकॉर्डची मूळ खाच कापतात ती लॅकरचा मऊ थर दिलेल्या चकतीवर. जगात त्या चकत्या बनवणारे मुख्य कारखाने दोनच होते, एक कॅलिफोर्नियात, एक जपानात. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियाचा जळून खाक झाला. त्यानंतर करोना, आणि करोनात घरी बसलेल्या लोकांनी रेकॉर्ड घ्यायचा सपाटा लावला. अमेरिकेत २०२२ मध्ये नगांच्या हिशेबानेही रेकॉर्डने सीडीला मागे टाकलं, १९८७ नंतर पहिल्यांदाच. मागणी दुप्पट, चकत्या निम्म्या. माझ्या एका मित्राचा अल्बम फोनवर निघून, गाजून, विसरला गेला, त्यानंतर त्याची रेकॉर्ड आली.

---

नवखा_श्रोता

हा धागा वाचून हात शिवशिवताहेत. सुटकेसच्या आकाराचं एक गोंडस प्लेअर पाच हजारात दिसतंय. घेऊ का? नवा अल्बम आधी कोणता घ्यावा?

---

सुरमयी_ठाणे

नको!! माझ्या भाचीकडे आहे. त्यातली सुई फार जड बसते. चांगल्या प्लेअरवर दीड-दोन ग्रॅम भार असतो, त्यात दुपटी-तिपटीने जास्त असू शकतो. नवी कोरी रेकॉर्ड त्याखाली देणं जिवावर येतं. दिसायला मात्र गोड आहे हो, त्यावर भाचीची मनी प्लांटची कुंडी छान दिसते.

थोडे थांबा, पैसे साठवा. साधं, पट्ट्यावर चालणारं, आत प्रीॲम्प असलेलं घ्या. नाही तर ओळखीतून जुनं, तपासून.

आणि ठाण्या-मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याचं आधी बघा. माझ्या सासऱ्यांच्या एलपी कपाटात उभ्या होत्या तरी जुलैत पांढरी बुरशी धरली. आतलं प्लास्टिकचं पाकीट रेकॉर्डला चिकटून त्याचे ओरखडे उठले. आता सगळी पाकिटं कागदी-मऊ अस्तराची केली, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. साफ करायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने. उन्हात गच्चीवर वाळवायला ठेवू नका, पापडासारख्या वाकतात.

---

अण्णा_कर्वेरोड

ताई, एक जोड द्या तिथे, ठळक अक्षरात. हे अल्कोहोल फक्त एलपी आणि ४५ ला! ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एका सद्गृहस्थांनी आजोबांचा सगळा संच असा धुऊन काढला. तबकड्या अक्षरशः चकचकीत झाल्या, गाणं गेलं.

---

सुरमयी_ठाणे

बापरे. बरं झालं सांगितलंत. आमच्याकडे त्याच कपाटात खाली पाच-सहा जाड, वजनदार तबकड्या आहेत. उद्या त्यांचाच नंबर होता.

---

खरजातला_सा

@नवखा, सुरमयीताईंचं ऐक. पहिला अल्बम मात्र मी सांगणार नाही. दुकानात जा, शनिवारची संध्याकाळ टाळ, गर्दी असते. तासभर उभा राहा, काय वाजतंय ते ऐक. एप्रिल जवळ असेल तर आणखी बरं. २००८ पासून त्यातला एक शनिवार रेकॉर्ड स्टोअर डे म्हणून साजरा करतात आणि त्या दिवसासाठी खास आवृत्त्या निघतात. त्यातल्या निम्म्या घेण्यासारख्या नसतात हेही आधीच सांगतो. रंगीत तबकडी, भडक कव्हर, आत तीच गाणी. पण त्या दिवशी दुकानात माणसं बोलायच्या मूडमध्ये असतात.

@रानवारा, तुम्हीही चला. न घेता परत आलात तरी कोणी हाकलत नाही.

---

रानवारा

येतो. पाकीट घरी ठेवून येतो.

---

सुरमयी_ठाणे

अण्णा, आत्ता कपाट उघडून त्या जाड तबकड्या बघितल्या. दोन एचएमव्हीच्या आहेत, कुत्रा आहे. एकीचं लेबल अर्धं सोललंय, त्यावर 'यंग' एवढंच वाचता येतंय. तुम्ही म्हणालात ते वडाळ्याचं तर नव्हे?

---

अण्णा_कर्वेरोड

ताई, असू शकतं! हात लावू नका. म्हणजे लावा, पण कडेने. पुसू नका, लेबलचा सोललेला भाग चिकटवायला डिंक तर बिलकूल नको. दोन फोटो टाका, एक लेबलचा, एक लेबलच्या भोवतीच्या गुळगुळीत पट्टीचा. तिथे बारीक आकडे कोरलेले असतात, तिरपा उजेड पाडला की दिसतात. फ्लॅश बंद ठेवा, नाही तर मला फक्त तुमचा मोबाइल दिसेल.